बोळातली जुनी गाडी भंगारात देताना

पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावच्या वाडीत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी भंगारात द्यायची, तर खरी कसरत ती बाहेर काढण्याची. टायर बसलेले, हँडब्रेक गंजून धरलेला, स्टिअरिंग लॉक. आदल्या दिवशीच हवा भरून घ्या, किल्ली शोधून ठेवा. चाकं फिरली तर चार माणसं ढकलत गाडी नाक्यावर आणतात. टोइंगचा ट्रक आत घालावाच लागत नाही. बोळाच्या तोंडाशी दुचाकी लावणाऱ्यांना आधी सांगा (ऐनवेळी मालक सापडत नाहीत!). लोंबणाऱ्या केबलीही बघा, क्रेनचा हात तिथेच अडतो. गाडी मात्र नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रालाच द्या आणि ती जमा केल्याचा दाखला, म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’, मागून घ्या.