नावाचा डबा

गेल्या एप्रिलात माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना भोकरदनहून संभाजीनगरला हलविण्याच्या धांदलीत सदऱ्याच्या खिशातून जे उपचारपत्र निघाले, त्यावर सप्टेंबरनंतरची सारी घरे कोरी होती. रक्तदाबाच्या गोळ्या ज्या सरकारी दवाखान्यातून ते आणीत, तेथे इतक्या महिन्यांत त्यांची कोणासही आठवण झाली नव्हती.

याच तालुक्यात मी आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली. 1955 साली सुरू झालेल्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाच्या हकीकती वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. माझ्या वेळी पाचांपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने औषधे, अधिक असल्यास बारा, एवढाच हिशेब उरला होता.

मन गुंतून राहते ते 2000 नंतरच्या ‘डॉट्स’च्या दशकात. क्षयाच्या नव्या रुग्णास लाल डबा, उपचार अर्धवट सोडलेल्यास अथवा रोग उलटलेल्यास निळा. आणि नोंद होताच संपूर्ण मुदतीची औषधे भरलेला तो डबा रुग्णाच्या नावाने कपाटात वेगळा ठेवला जाई, त्यास दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. आठवड्यातून तीन वार गोळ्या समक्ष गिळवावयाच्या, आणि वार चुकला की त्याच्या वस्तीवर हजर व्हावयाचे. केळणा नदीपलीकडचा एक रुग्ण ऊसतोडीस निघाल्याचे कळताच मी पहाटे मुकादमाच्या ट्रकपाशी जाऊन त्याच्या हाती बदलीचा कागद ठेवला, तेव्हा भांड्याकुंड्यांवर बसलेला तो म्हणाला, “भाऊ, गोळ्यांपायी एवढ्या अंधारात आलात?” एक दिवसाआडची ती पद्धत 2017 पासून जाऊन रोजच्या गोळ्या आल्या, हे योग्यच झाले, परंतु दारावरची थाप जावयास नको होती.

2010 साली मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या जोडीने पक्षाघाताचेही नाव धारण करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आशाताईंनी उन्हातान्हात तिशीपुढील माणसांचे अर्ज भरले, आणि वरिष्ठांच्या बैठकांत किती तपासले याचीच विचारणा झाली. किती टिकले, हे मी विचारले असता ‘तो आपला विषय नव्हे’ असे मला सुनावण्यात आले. वस्तुतः क्षयास सहा महिन्यांचा अंत असतो, रक्तदाबास मुदत नाही, म्हणून पाठपुराव्याची तजवीज येथेच अधिक हवी होती. 2017 च्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात न आलेल्या रुग्णास परत बोलावण्याचा नियम होता. मात्र त्याच्या पहिल्या टप्प्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे होते, आमचा जालना नव्हता.

बंधू आता पेला डाव्या हाताने धरतात. सकाळची गोळी मी स्वतः देतो, आणि ती गिळेपर्यंत समोर बसतो.