गोवर देतो थोडं, नेतो फार

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली. वस्ती आठ हजारांच्या आतली. त्यातले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा तरुण डॉक्टर घरोघर फिरून नोंदी घेत होता. याआधीची साथ १७८१ सालची. तेव्हा गोवर होऊन गेलेल्या एकाही वृद्धाला तो पुन्हा झाल्याचं पानुमला आढळलं नाही. त्या वेळी गोवर न झालेले काही वृद्ध मात्र या खेपेला आजारी पडले. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर फिरकला नव्हता, तरी शरीरांनी त्याची ओळख जपली होती.

ही ओळख तयार व्हायला वेळ लागतो. विषाणू शिरला की आधी धावते ती जन्मजात प्रतिकारयंत्रणा. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, भक्षक पेशी घुसखोरांना गिळू लागतात. नेमका शत्रू हेरणं हे मात्र बी आणि टी या पांढऱ्या पेशींचं काम. अशा असंख्य पेशींपैकी ज्यांची घडण या विषाणूशी जुळते, तेवढ्याच झपाट्याने वाढतात. बी-पेशींपासून प्रतिपिंडं तयार होतात. टी-पेशी बाधित पेशींना मारतात. गोवराचं पुरळ हा टी-पेशींच्या त्वचेतल्या या कारवाईचाच परिणाम. आजार ओसरल्यावर बहुतेक लढवय्या पेशी मरतात. थोड्या स्मृतिपेशी बनून उरतात, तर काही अस्थिमज्जेत राहून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं पुरवतात.

म्हणजे ‘गोवर एकदा येऊन गेलेला बरा’ हे खरं म्हणायचं का? इथेच गोम आहे. गोवराचा विषाणू ज्या पेशींत घुसतो त्यांत या स्मृतिपेशीही असतात. म्हणजे चोराने चौकीत शिरून तिथलं दप्तरच जाळावं, तसा प्रकार. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि नंतर तपासणी झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, इतर रोगजंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. त्याआधी २०१५ साली इंग्लंड, अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या जुन्या नोंदींवरून असं दिसलं होतं, की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यू वाढलेले राहतात. गोवर स्वतःपुरतं संरक्षण देतो आणि बाकीचं पुसून जातो.

लशीतला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो. इतर प्रतिपिंडांची अशी हानी लस घेतलेल्या मुलांमध्ये आढळली नाही. आपल्याकडे गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांदरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांदरम्यान देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात शिल्लक असतील तर ती पहिल्या डोसच्या आड येतात, त्यामुळे काही बाळांमध्ये संरक्षण तयारच होत नाही. दुसरा डोस मुख्यतः अशा बाळांसाठी असतो. ती कोणती, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून तो प्रत्येकाला द्यायचा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला, तेव्हा अनेक मुलांचे डोस राहून गेल्याचं पुढे आलं. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत भरून काढता येतो.