हसवणाऱ्या चालींचा मान

पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या गणपतीच्या मूर्ती राज्यभर जातात, समुद्रापारही जातात, आणि त्या घडवणाऱ्याला आपण बिनदिक्कत कलावंत म्हणतो. त्याच मूर्तीपुढे मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्याला किंवा ब्रास बँडच्या ट्रम्पेटवाल्याला मात्र हा शब्द सहसा मिळत नाही. पेण-रोह्याकडच्या हळदी-वराती त्याच्यावाचून अडतात, तरीही तो ‘नाचाची गाणी’ वाजवणारा, एवढीच त्याची ओळख. नाचाच्या आणि हसण्याच्या संगीताला खालच्या पायरीवर बसवण्याची ही सवय फार वरपर्यंत पोहोचली आहे. तिचा सर्वांत मोठा फटका बसला तो पुणतांब्यात 12 जानेवारी 1918 रोजी जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना. ‘अनारकली’चे आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’चे संगीतकार म्हणून इतिहासात त्यांचं स्थान पक्कं आहे. माझं म्हणणं असं की, त्यांनी हसत-खेळत बांधलेली गाणी याच तोलाची आहेत आणि काही बाबतींत त्यांहूनही महत्त्वाची आहेत.

ही गाणी आठवून पाहा. 1947च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान संडे के संडे’, 1949च्या ‘पतंगा’तलं ‘मेरे पिया गए रंगून’, 1951च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भड़के’, 1957च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’. यांतली गंमत शब्दांत थोडी आणि बांधणीत जास्त आहे. ‘रंगून’मध्ये टेलिफोनच्या दोन टोकांना दोन माणसं आहेत. शमशाद बेगमांचा खणखणीत, मोकळा आवाज आणि स्वतः चितळकरांचा किंचित रडवेला, लाडिक आवाज यांच्या विरोधातूनच हसू फुटतं. दुसरा कोणी गोड गळ्याचा गायक तिथे उभा केला असता, तर विनोद विरून गेला असता. विनोदी गाण्यात एक मात्रा इकडची तिकडे झाली की हसू जातं. करुण गाण्यात थोडी ढिलाई खपून जाते, कधी ती भाव म्हणूनही वाखाणली जाते; इथे तशी सवलत नाही. हा लयीवरचा ताबा त्यांच्याकडे आला तो पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांसारख्या गुरूकडे घेतलेल्या तालमीतून आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवर साथ करता करता.

‘ईना मीना डीका’ला निरर्थक शब्दांचं गाणं म्हणून हसण्यावारी नेलं जातं. पण निरर्थक अक्षरांवर लय खेळवणं आपल्या संगीताला नवीन आहे का? तराण्यात दुसरं काय असतं? तिथली अक्षरं मैफलीत आली की विद्वत्ता ठरते आणि तोच खेळ किशोरकुमारांच्या तोंडून आला की पोरकटपणा ठरतो, हा न्याय मला पटत नाही. या गाण्यात कोकणी बोलीचेही शब्द आहेत. ते सी. रामचंद्रांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांच्याकडून आले, असं सांगतात. गोव्याचा हा धागा महत्त्वाचा आहे. हळदोण्याचे अँतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, ‘अलबेला’च्या पडद्यावरही दिसतात. मुंबईतल्या हॉटेलांत साहेबलोकांसाठी वाजणारा स्विंग या गोवेकर वादकांच्या हातून सी. रामचंद्रांच्या चालींत उतरला आणि तिथून भगवानदादांच्या पावलांवर गल्लीत आला. हात वर करून जागच्या जागी डुलणारा तो ‘भगवान’ ढंग मुंबईपासून कोकणापर्यंतच्या विसर्जन मिरवणुकींना आजही सोडत नाही. जाझ आपल्याकडे समीक्षेच्या पुस्तकांतून आला नाही, तो हसवणाऱ्या गाण्यांतून आला. ही संगीताच्या इतिहासातली घटना आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप उसनवारीचा. ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ची चाल एका परदेशी लॅटिन धाटणीच्या गाण्यावर बेतलेली आहे, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण मग 1916च्या ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांसाठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचा आधार घेतला, त्याला आपण काय म्हणतो? संगीत नाटकाने बंदिश, लावणी, कर्नाटकी चाल असं सगळं आपलंसं केलं आणि आपण त्याला वैभव म्हटलं. उसनं घेतलेलं कुठे आणि कसं बसवलं, हा प्रश्न दोघांनाही सारखाच विचारावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: उत्तम संगीतकाराची ओळख त्याच्या गंभीर रचनांवरून व्हावी, बाकीचं पोटापाण्याचं. हा भेद आपल्या परंपरेतला नाही. एकनाथांचं भारूड हसवता हसवता गातं आणि त्यामुळे नाथांचं स्थान उणावत नाही. कोकणातल्या नमनात संकासुराच्या सोंगाशिवाय रंग भरत नाही. युरोपातही हायडनने 1781च्या एका चतुष्टयात शेवट झाल्याचा भास पुन्हा पुन्हा निर्माण करून श्रोत्यांना फसवलं. त्या थट्टेला तिथले अभ्यासक त्याच्या प्रभुत्वाचा पुरावा मानतात. शिवाय ‘अलबेला’तच ‘शोला जो भड़के’बरोबर पिलूच्या अंगाची ‘धीरे से आजा री अखियन में’ ही अंगाई आहे. एकाच चित्रपटातली ही दोन्ही गाणी लता मंगेशकर आणि चितळकर या एकाच जोडीची. ज्या कानाने अंगाई बांधली, त्याच कानाने तो धांगडधिंगा बांधला. यांतलं एक कलेच्या खात्यात आणि दुसरं करमणुकीच्या खात्यात टाकायला संगीताच्या बाजूने काहीच आधार मिळत नाही.

तेव्हा सन्मान करायचा तर तो मोठ्या शहरांच्या सभागृहांवर सोडू नये. गणेशोत्सवात पेण किंवा रोह्याच्या एखाद्या मंडळाने सी. रामचंद्रांच्या विनोदी गाण्यांची संध्याकाळ ठेवावी. त्यात गायकांच्या जोडीला आपल्याच तालुक्यातले बेंजो आणि ब्रास बँडवाले मंचावर, खुर्चीवर बसवून वाजवायला लावावेत, आणि निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी ट्रम्पेट कुठे शिरतो, लय कुठे मोडते, कोरस कुठे उत्तर देतो हे सांगावं. कार्यक्रमपत्रिकेवर चिक चॉकलेट आणि जॉन गोम्स यांची नावं संगीतकाराच्या नावाखाली छापावीत, आणि त्यांच्या खाली त्या संध्याकाळी वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाचं नाव, पूर्ण.