मामा चौकातून सुरू झालेला शोध

नवीन जालन्यात मामा चौक म्हटलं की रिक्षावाल्याला दुसरी खूण सांगावी लागत नाही. हे मामा म्हणजे हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर, निजामाच्या राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. बारा वर्षांपूर्वी त्या चौकात एका दुकानाच्या पायरीवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या चार-पाच जणांना विचारलं, हे मामा कोण? एकाने पुढारी सांगितला, एकाने पैलवान. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी म्हणाली, "रझाकारांच्या वेळचे." रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक; तिला ते आजीने सांगितलं होतं. त्या उत्तराने मी आपल्या भागातल्या या लढ्याच्या खुणा शोधण्याच्या कामाला लागलो.

सुरुवातीची दोन वर्षं चुकीच्या जागी गेली. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जालना औरंगाबादेत होतं आणि परतूर परभणीत. मी मात्र परतूरसकट सगळं औरंगाबादेत धुंडाळत बसलो, आणि परतूर वगळून तर चालणार नव्हतं. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं, अध्यक्ष गोविंदराव नानल. मराठवाड्यातल्या संघटित राजकीय चळवळीची सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या या रेल्वेवरच्या गावात झाली, आणि आमच्यापैकी कितीजणांना ती माहीत आहे? पुढच्याच वर्षी निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी घातली आणि २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली, तिच्या पुढेही नानलच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांनी कॉलेजं सोडली. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ उजाडलं.

दुसरी अडचण भाषेची. निजामाचा कारभार उर्दूत. आजच्या कलेक्टराला त्या कागदांत 'अव्वल तालुकदार' म्हणतात आणि राजपत्राला 'जरीदा'. मला उर्दूचा अलिफ येत नव्हता. जुन्या जालन्यातले एक निवृत्त उर्दू शिक्षक दर रविवारी दोन तास माझ्यासाठी वाचत. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांपाशी नेऊन ते एकेक ओळ मराठीत सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. फौजदारीच्या कागदांत नावं वेडीवाकडी पडलेली. कुलकर्ण्यांचा 'कुलकर्नी', गावाचं नाव अर्धंच. मराठी वाचणाऱ्याला उर्दू येत नाही, उर्दू वाचणाऱ्याला ती गावं ठाऊक नाहीत. या दरीत किती माणसं गडप झाली असतील!

कागदांपेक्षा माणसांनी मला जास्त शिकवलं. एका घरात भिंतीवर ताम्रपट होता. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दिलेला, कडा हिरव्या पडलेल्या. ताम्रपट मिळालेले आजोबा केव्हाच गेले होते. त्यांच्या पत्नीने फडताळातून पेन्शनची फाईल काढली. सुतळीने बांधलेली, मधल्या पानांना वाळवी लागलेली. तिच्यात तुरुंगाचा दाखला, सहकाऱ्यांची प्रमाणपत्रं, अर्जांच्या पोचपावत्या. मी विचारलं, "आजी, तुम्ही काय केलं त्या वेळी?" त्या म्हणाल्या, "आम्ही काय केलं बाबा? भाकरी केल्या. रात्री कोण येईल ते मोजायचं नाही, टोपलं भरून ठेवायचं." वऱ्हाडच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प होते आणि जालन्याहून देऊळगावराजा काही लांब नाही. त्या वाटेवरच्या घरांत ही टोपली भरली जात होती. त्या आजींच्या नावाचा मात्र एकही कागद त्या फाईलीत नव्हता. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात शस्त्र घेऊन लढल्या, म्हणून त्यांचं नाव टिकलं. भाकरी करणाऱ्यांची नोंद आपण घेतली नाही, हा आमचा, इतिहास लिहिणाऱ्यांचा दोष आहे.

अनंत भालेरावांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथाने मराठवाड्याला या लढ्याची सलग कथा दिली. त्याचं ऋण मी मानतोच. पण गावपातळीवरचं बरंच अजून लिहायचं राहिलं आहे, आणि त्यात एक गोष्ट बोलायला अवघड आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाची शरणागती. आपण तिथे कथा थांबवतो. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरंच आहे आणि ते कधी झाकलं जाऊ नये. पण या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, वेळी आणि नंतर अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुजरलं, ते पाहायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. तो अहवाल सर्वांना वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास. मला उर्दू वाचून दाखवणारे गुरुजी त्या महिन्यांबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "आमच्या घरात त्यावर बोलत नाहीत." मग पुढची ओळ वाचू लागले. मी त्यांना परत विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

इतिहास असा दडून राहणं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. केनियातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाचे इंग्रजांनी दडवलेले कागद २०११ साली इंग्लंडमधल्या हॅन्स्लोप पार्कमध्ये असल्याचं उघड झालं. ते बाहेर आले, कारण छळ सोसलेल्या म्हाताऱ्यांनी लंडनच्या कोर्टात दाद मागितली होती. २०१३ साली ब्रिटिश सरकारने ५,२२८ जणांना भरपाई कबूल केली. तिथे सत्तरी-ऐंशीतली माणसं साक्षीला होती. आपल्याकडे १९४८ साली वीस वर्षांचं असलेलं माणूस आज शंभरीला टेकलं आहे.

म्हणून जालना, परतूर, अंबड, भोकरदन इथल्या वाचकांना एकच विनंती. घरात रझाकारीतलं पत्र, पेन्शनची फाईल, एखादा उर्दू कागद असेल तर रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढा, त्यासोबत गावाचं आणि माणसाचं नाव लिहा. आणि आजी हयात असेल तर आज संध्याकाळीच तिच्यापाशी बसा. आधी भाकरीचं विचारा.