पत्त्यांच्या कारखान्यातून व्हिडिओ गेमकडे : एका धंद्याची चढउतार

नव्वदच्या दशकात मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर ज्यांची दुकाने होती, त्या बांधवांना ‘टीव्ही गेम’ आणि त्याच्या कॅसेटी आठवत असतील. त्यातील बराचसा माल जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची नक्कल होता. मुलांनी हे खेळ खेळावेत की नाही, हा प्रश्न आम्ही आज बाजूला ठेवतो. आम्हाला पाहायचा आहे तो त्यामागचा धंदा.

निन्टेन्डो मूळची कारागिरांची पेढी. १८८९ साली क्योटो शहरात ती सुरू झाली ती हाताने बनविलेले पत्ते विकण्यासाठी. पुढे टॅक्सी, झटपट भात असे उद्योगही करून पाहिले, ते चालले नाहीत. १९६५ साली गुन्पेई योकोई नावाचा तरुण तेथे पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी लागला. फावल्या वेळात त्याने लांब होणारा पकडीचा हात बनविला. मालकाने तो पाहिला आणि खेळणे म्हणून बाजारात आणला. दहा लाखांहून अधिक नग खपले! कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत छोटे पडदे स्वस्त झाले, तेव्हा त्याच पडद्यांवर योकोईने १९८० साली खिशातला खेळ काढला. जुने, स्वस्त, पारखलेले सामान घ्यावे आणि त्याला नवे काम द्यावे, ही त्याची रीत. १९८९ च्या ‘गेम बॉय’चा पडदाही रंगीत नव्हता; पण चार सेलवर तो तासन्‌तास चाले. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी सहा सेल खात आणि लवकर बंद पडत. गिऱ्हाईक कोणाकडे गेले, हे सांगायला नको.

अमेरिकेत मात्र उलटे घडले. अटारी कंपनीने १९७२ साली ‘पाँग’ हा टेनिसचा खेळ काढला. पहिले यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवले होते. ते बिघडल्याची तक्रार आली म्हणून पाहिले, तर नाण्यांची पेटी तुडुंब भरलेली! १९७६ साली ही कंपनी मोठ्या भांडवलदारांच्या हाती गेली. खेळ बनविणाऱ्यांना ना त्यावर नाव मिळे, ना खपातला हिस्सा. एकाने आपले नाव खेळातल्या गुप्त खोलीत लपवून ठेवले. इतर चौघे १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ उभी केली. त्यांचे पाहून ज्याला येते तोही आणि ज्याला येत नाही तोही कॅसेटी काढू लागला. अटारीनेही ‘ई.टी.’ हा खेळ अवघ्या पाच आठवड्यांत उरकला. दुकानांत मालाचे ढीग साचले आणि १९८३ मध्ये बाजार कोसळला. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या. २०१४ साली त्या उकरून काढण्यात आल्या.

त्यानंतर १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती यंत्रात कुलूप-चिप बसवूनच. परवानगीवाचून कोणाची कॅसेट चालणार नाही आणि एका कंपनीने वर्षाला ठरावीकच खेळ काढायचे. अट जाचक होती, पण दुकानदाराचा भरवसा परत आला.

आता कॅसेट गेली, सीडीही चालली. खेळ मोबाईलवर फुकट उतरतो आणि पैसे आत घेतले जातात. पुढे तर खेळ दूरच्या संगणकावर चालेल आणि आपल्याकडे फक्त चित्र येईल, असे सांगतात. गुगलने हा प्रयोग २०१९ साली केला आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळला, तरी इतर कंपन्या त्याच वाटेवर आहेत. यात विकत काय मिळते? फक्त वापरण्याची परवानगी. कॅलिफोर्नियात २०२४ च्या कायद्याने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. कारागिराचा प्रश्नही तसाच उभा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने आपला आवाज व हालचाली चोरू नयेत म्हणून तेथील कलावंतांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला.

आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यातून वगळले आहेत. या धंद्यात मुलगा घालणाऱ्या बांधवांनी हा भेद आधी पाहावा. दुकानदाराच्या हाती राहिले आहे ते दुरुस्तीचे काम : कंट्रोलरच्या झिजलेल्या दांड्या, फुगलेल्या बॅटऱ्या आणि जुन्या कॅसेटींतील खेळ जपून ठेवणारा छोटा सेल, जो आजही हाताने डाग देऊनच बदलावा लागतो.