सिस्टर, एक मिनिट!

नाशिकच्या सिव्हिलपासून गल्लीतल्या छोट्या नर्सिंग होमपर्यंत कुठल्याही वॉर्डात जा, ‘सिस्टर, सलाईन संपत आलीय’ ही हाक कानावर पडतेच. हाक मारणाऱ्या नातेवाइकाची यात चूक नाही, त्याला दुसरा मार्गच दिलेला नसतो. सिस्टरच्या कामात किती वेळा खंड पडणार, हे बऱ्याचदा वॉर्डाचा नकाशा काढतानाच ठरून जातं. कसं ते बघा.

हाकेची किंमत : सिस्टर सिरिंज डोळ्यांसमोर धरून एमएलच्या रेघा बघतेय, डोक्यात तीन नंबरच्या बेडचा डोस आहे आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाची अशी बारकाईने नोंद झाली. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा : औषध देताना ५३ टक्के वेळा व्यत्यय आला आणि दर व्यत्ययागणिक औषधातल्या चुका जवळपास १३ टक्क्यांनी वाढल्या.

चिकटपट्टीची कमाल : विमान १०,००० फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाखेरीज काही बोलायचं नाही, असा नियम अमेरिकेने १९८१ मध्ये केला. तोच तिथल्या एका अतिदक्षता विभागाने उचलला. औषधं तयार करण्याच्या जागेभोवती जमिनीवर पट्टी मारली आणि आत उभ्या असलेल्याशी बोलायला मनाई केली. व्यत्यय सुमारे ४१ टक्क्यांनी घटले!

जाकिटाने भागत नाही : ‘औषध देत आहे, अडवू नका’ असं लिहिलेलं जाकीटही वापरून पाहिलं गेलं. व्यत्यय कमी झाले, पण ऑस्ट्रेलियातल्या परिचारिकांना ते गरम आणि अडचणीचं वाटलं. नाशिकच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. औषधांसाठी दार लावता येईल अशी छोटी खोली त्यापेक्षा बरी.

पायपीट : अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत मोजलं, तर दहा तासांच्या पाळीत परिचारिका दीड ते आठ किलोमीटर चालत होत्या. आठ किलोमीटर म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून जवळजवळ नाशिक रोड! कापूस, हातमोजे, सलाईनच्या बाटल्या बेडच्या जवळ ठेवल्या, तर हेच पाय रुग्णाच्या कामी येतात.

प्रकाश वाढला, चुका घटल्या : औषधं काढून देण्याच्या टेबलावरचा उजेड वाढवल्यावर चुका ३.८ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आल्याचं अमेरिकेतल्या एका औषधालयात १९९१ च्या अभ्यासात दिसलं. इतका स्वस्त उपाय शोधून सापडणार नाही.

नाइटिंगेलबाईंचा वॉर्ड : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांच्या रचनेवर पुस्तकच लिहिलं. लांब दालन, दोन्ही बाजूंना खाटा आणि खिडक्या. परिचारिकेला एका नजरेत सगळे रुग्ण दिसावेत, हा हेतू. त्याची दुसरी बाजू अशी की, तिला सगळे दिसतात तशी तीही सगळ्यांना दिसते. म्हणून नजर ठेवायची जागा आणि औषधं भरायची जागा वेगळी हवी.

शंभर मीटर शांतता : व्यत्यय रस्त्यावरूनही येतो. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचं किमान १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. मिरवणूक असो की वरात, हा नियम सगळ्यांना लागू आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. इथल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या वॉर्डांतले व्यत्यय मोजायला घ्यावेत. त्यासाठी लागते फक्त वही आणि पेन. आणि आपण? जीव धोक्यात असेल तर खुशाल ओरडा. एरवी सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी असेल, तर तिचं औषध भरून होईपर्यंत थांबा. ते औषध कदाचित तुमच्याच माणसासाठी असेल.