गैरसमज : ‘मनावर घेतलं की वजन उतरतं’

‘मनावर घे, उतरेल वजन.’ अंबरनाथचा बुवापाडा असो, उल्हासनगरचे कॅम्प असोत की बदलापूरची नवी संकुलं, हे वाक्य कुठेही कानावर पडतं. हळदीकुंकवाला नणंद भावजयीला ते ऐकवते, लोकलमध्ये सहप्रवासी ऐकवतो, दवाखान्यात डॉक्टरही ऐकवतात. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण या वाक्यामागे एक समज घट्ट बसलेला आहे : वजन वाढलं ते माणसाच्या आळसाने आणि जिभेच्या हट्टाने, आणि उतरवायचं तर ते त्याने एकट्याने, मनाला वेसण घालून उतरवायचं. हा समज चुकीचा आहे. तो नुसता चुकीचा असता तर सोडूनही देता आला असता, पण तो अपाय करतो. सहा महिने नेटाने जेवण सांभाळून दहा किलो उतरवलेल्या बाईचं वजन पुढच्या वर्षी पुन्हा वाढतं, तेव्हा ‘आपल्यातच जिद्द नाही’ अशी तिची खात्री होते आणि ती प्रयत्नच सोडते. तिच्या अपयशाची खरी कारणं कोणी तिला सांगितलेलीच नसतात.

पहिलं कारण शरीरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 50 जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं तेव्हा भूक चेतवणारं घ्रेलिन पहिल्यापेक्षा वाढलेलं होतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटलेलं होतं आणि भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. हा अभ्यास 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या ‘बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि 2016 मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यांच्या शरीराने विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी होती, त्याहून ते दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. थोडक्यात, वजन झपाट्याने उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि गेलेली चरबी परत मिळवण्याच्या मागे लागतं. हा झगडा आठ-पंधरा दिवसांचा नसतो, तो वर्षानुवर्षं चालतो. एवढा काळ निव्वळ जिद्दीच्या बळावर रोज भुकेशी लढणं फार थोड्यांना जमतं. ते न जमणं हा स्वभावातला दोष मानता येत नाही.

दुसरं कारण रोजच्या जगण्यात आहे. अंबरनाथहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस सकाळी अंधारात उठतो, गर्दीत उभ्याने दीड तास प्रवास करतो, तसाच परत येतो आणि रात्री दहाच्या सुमाराला दिवसातलं सर्वांत मोठं जेवण जेवतो. मधल्या वेळात हाताशी असतं ते स्टेशनबाहेरचा वडापाव, कचेरीतला गोड चहा आणि बिस्किटं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा तर दर आठवड्याला बदलतात. घरातल्या बाईची अडचण आणखी वेगळी. ती सहा जणांचा स्वयंपाक करते, पण त्यात तेल किती घालायचं हे तिच्या एकटीच्या हातात नसतं. कमी तेलाची भाजी केली की ताटावर कुरकूर होते, आणि स्वतःसाठी वेगळं शिजवायला वेळही नसतो नि गॅसही परवडत नाही. भरीला आपला आग्रह. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत ताटात वाढलेला दुसरा लाडू नाकारणं म्हणजे वाढणाऱ्याचा मान न राखणं, असंच आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. अशा घरात नि अशा दिनक्रमात ‘मनावर घे’ म्हणणं म्हणजे सगळी परिस्थिती तशीच ठेवून दोष तेवढा एकाच माणसाच्या माथी मारणं आहे.

मग वजन उतरून टिकतं ते कशाने? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, त्यावर अभ्यास झाले आहेत. 2007 मध्ये निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातल्या 12,067 जणांची 32 वर्षांची माहिती तपासली. एखाद्याचा मित्र स्थूल झाला, तर तो स्वतः स्थूल होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली. पती किंवा पत्नीच्या बाबतीत हा आकडा 37 टक्के होता. यावर रास्त आक्षेप घेतला गेला की सारख्या सवयींची माणसंच एकमेकांचे मित्र होतात, त्यामुळे मैत्रीचा परिणाम आणि मैत्रीची निवड वेगळी काढणं कठीण आहे. म्हणून 1999 मधला रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा 166 जणांवरचा प्रयोग जास्त बोलका ठरतो. त्यात काही जण एकटे आले होते, तर काही तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत घेऊन. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 76 टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि चौथ्या ते दहाव्या महिन्यात उतरलेलं वजन पूर्ण टिकवलं ते 24 टक्क्यांनी. मित्रांसह येऊन, एकमेकांना साथ कशी द्यायची याचंही प्रशिक्षण घेतलेल्यांत हेच आकडे 95 आणि 66 टक्के होते. मित्र घेऊन येणारे मुळातच अधिक उत्साही असतील, ही शंका मान्य. पण साथीचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं होतं, आणि फरकही किरकोळ नाही. ‘हे सगळं परदेशात’ म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईचा दाखला आहे. तिथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 578 जास्त वजनाच्या भारतीयांवर झालेल्या प्रयोगात आहार आणि व्यायामाचे धडे गटाने एकत्र बसवून दिले, आपल्याच खाण्यापिण्याला धरून दिले. 2016 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांनी कमी दिसलं.

‘सोबत ठीक आहे, पण खरं काम तर डाएटचंच ना?’ हा पुढचा प्रश्न. मराठी घरांत त्यावर जेवढा वाद झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या आरोग्यविषयावर झाला असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवला : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला जवळपास उलटा : थोड्या थोड्या वेळाने खा, भात-तूप सोडू नका, आजीच्या पानातलं खा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं आहेत. म्हणजे किती वेळा खाल्लं, एवढ्यावर सगळं ठरत नाही. 2018 च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात 609 जणांपैकी निम्म्यांना कमी चरबीचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार दिला. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलो आणि दुसऱ्याचं 6 किलो उतरलं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. 2022 मध्ये छापून आलेल्या, चीनमधल्या 139 जणांवरच्या अभ्यासात आठ तासांच्या आतच खाणाऱ्यांचं वजन 8 किलोंनी उतरलं आणि तेवढ्याच कॅलरी कधीही खाणाऱ्यांचं 6.3 किलोंनी. हाही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दीक्षित आणि दिवेकर या दोन्ही मार्गांवरचा माणूस फरसाण, बिस्किटं आणि बाटलीबंद गोड पेयं सोडतो, जेवणाच्या वेळा पाळतो आणि चालतो. मग आपल्याला दोन-तीन वर्षं आनंदाने पाळता येईल ते निवडावं. पानात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीला, डाळ-उसळ, अंडं किंवा मासळी रोज, भात-पोळी मोजकी आणि घरात महिन्याला येणारं तेल आधीपेक्षा कमी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ हिशेब आपोआप सुटतो.

व्यायामाबद्दलही सरळ बोलायला हवं. पाच किलोमीटर चालल्यावर मध्यम वजनाच्या माणसाच्या साधारण 250 कॅलरी खर्च होतात, म्हणजे एका वडापावाच्या आसपास. त्यामुळे खाणं तसंच ठेवून केवळ चालून मोठं वजन उतरत नाही, आणि ‘एवढं चालते तरी काटा हलत नाही’ ही तक्रार खोटी नसते. पण उतरलेलं वजन टिकवायला व्यायामासारखा आधार नाही. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांचीच तीत नोंद होते. त्यांतले बहुतेक जण दिवसाला सुमारे तासभर हालचालीचा व्यायाम करतात आणि नियमित वजन करतात. सोबत इथेच कामाला येते. पहाटे पाच वाजता खाली कोणी वाट पाहत असेल तर माणूस उठतो, नसेल तर गजर बंद करून झोपतो. शिवाय अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या बाईला जे जमत नाही, ते चौघींना जमतं.

‘म्हणजे माणसाची स्वतःची काही जबाबदारीच नाही?’ आहे. तोंडात घास कोणी दुसरा घालत नाही. पण जबाबदारी घेणं आणि एकटं पडणं यांत फरक आहे. दारू सोडू पाहणाऱ्याला आपण म्हणतो, ‘त्या मित्रांत बसू नकोस, या गटात ये.’ मग वजन उतरवू पाहणाऱ्यालाच एकट्याने लढायला का सांगायचं? साथ म्हणजे टोमणे, हा आणखी एक घातक घोळ. ‘किती सुटलीस गं!’ असं चारचौघांत म्हटलं की ती ईर्ष्येने कामाला लागेल, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. 2013 मध्ये 6,157 अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत उलट दिसलं. वजनावरून हिणवली गेलेली, भेदभाव सोसलेली, पण सुरुवातीला स्थूल नसलेली माणसं पुढच्या चार वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. खरी साथ साधी असते : सोबत चालणं, तिच्यासाठी म्हणून सगळ्यांनीच कमी तेलाची भाजी खाणं, नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा न वाढणं, आणि वजन वाढलेल्या आठवड्यातही तिला गटातून गळू न देणं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

भात सोडला की वजन उतरतं : 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 आणि तेवढ्याच गव्हाच्या पिठात 320 ते 340 कॅलरी असतात. प्रश्न भाताचा नाही, तो किती खाल्ला याचा आहे.

उपवासाने वजन घटतं : साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. दाण्याचं कूट आणि तूप घातलेली वाडगाभर खिचडी कॅलरींत पोळी-भाजीला सहज मागे टाकते.

सकाळी मध-लिंबूपाणी घेतलं की चरबी वितळते : वितळत नाही. मध हीसुद्धा साखरच.

पोटाच्या व्यायामाने पोटच कमी होतं : स्नायू बळकट होतात, चरबी मात्र शरीर आपल्या क्रमाने सर्वांगातून उतरवतं.

पट्टा बांधून घाम गाळला की वजन जातं : जातं ते पाणी, आणि दोन ग्लासांत परत येतं.

सगळं थायरॉइडमुळे आहे : कमी थायरॉइडने वजन वाढतं ते बहुधा दोन ते पाच किलो, त्यातही मीठ-पाणीच जास्त. तपासणी जरूर करावी, पण सगळा भार थायरॉइडवर टाकू नये.

मी बारीक आहे, मला काय धोका : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3 होता, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. म्हणून भारतीयांनी कंबरही मोजावी. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर ही मर्यादा.

इंजेक्शन घेतलं की काम झालं : वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलेलं आढळलं आहे.

किती उतरवायचं, तेही सांगायला हवं. 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटापुढे वजनात 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हे लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 80 किलोच्या माणसासाठी 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. आठवड्याला अर्धा किलो या गतीने ते तीन महिन्यांत होतं, आणि ज्यांना 20-25 किलो उतरवायचे आहेत त्यांनीही सुरुवात इथूनच करावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारणं अनिवार्य आहे, नाहीतर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

सोबत शोधायला आपल्याकडे लांब जावं लागत नाही. बचत गट दर महिन्याला भरतात, भजनी मंडळं आहेत, व्यायामशाळा आहेत, लोकलच्या एकाच डब्यात वर्षानुवर्षं एकत्र जाणारे गट आहेत. यांतल्या चौघांनी ठरवावं : आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन, रोज अर्धा तास चालणं, आणि कोणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाणं. याला पैसा लागत नाही. आणि तुमच्या ओळखीतलं कोणी वजन उतरवायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला ‘मनावर घे’ म्हणू नका. ‘उद्या किती वाजता येऊ?’ असं विचारा, आणि त्या वेळेला जा.